पाळण्याची दोरी कोणाच्या हाती?

(एका व्याख्यानमालेत ‘कुटुंब आणि शासन’ या विषयावर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या विषयाचे निमित्त प्रथम सांगतो. माझ्या परिचयातील एक निवृत्त शिक्षक दांपत्य मध्यंतरी मला भेटावयास आले. त्यांची कन्या आणि जावई नोकरीनिमित्त युरोपात असतात. कन्येच्या बाळंतपणासाठी दोघेही तिकडे निघाले होते. गुरुजींच्या हातात वर्तमानपत्राचे एक जुने कात्रण होते. बाईंनी विचारले, “भाऊ, तिकडे बाळाला हाताने भरवले, कुशीत घेऊन झोपवले, तर सरकार मूल उचलून नेते म्हणतात. खरे का हो हे? मग आम्ही आजी-आजोबांनी तिथे जाऊन करायचे तरी काय?”

प्रश्न ऐकून मला हसू आले. पण त्या माउलीच्या चेहऱ्यावरची भीती पाहून ते विरून गेले. ती भीती अगदीच निराधार नव्हती. मूल कोणाचे? आईबापाचे, समाजाचे की शासनाचे? हा प्रश्न आज आपल्या उंबरठ्याशी येऊन उभा आहे. त्याचे उत्तर भावनेच्या भरात देता येणार नाही.

त्या कात्रणातील घटना नॉर्वेतील स्टॅव्हँगर शहराची होती. २०११ च्या मे महिन्यात तेथील बालसंरक्षण यंत्रणेने एका बंगाली दांपत्याची दोन मुले ताब्यात घेतली. थोरला सुमारे अडीच-तीन वर्षांचा, धाकटी अवघ्या काही महिन्यांची. आम्ही मुलांना हाताने भरवतो, आपल्याच अंथरुणात झोपवतो, हेच आमच्याविरुद्ध लिहिले गेले, असे आईवडिलांचे म्हणणे होते. नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी ते नाकारले. सांस्कृतिक भेद हे कारण नव्हे, परंतु गोपनीयतेच्या कायद्यामुळे खरी कारणे सांगता येत नाहीत, असे त्यांचे उत्तर होते. भारत सरकारने प्रश्न राजनैतिक पातळीवर नेला. २०१२ च्या एप्रिलमध्ये मुले काकांच्या स्वाधीन होऊन मायदेशी आली आणि २०१३ च्या जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयाच्या निर्णयाने आईच्या कुशीत परतली. पुढे २०२३ साली याच कथेवर हिंदी चित्रपटही निघाला.

येथे कोणी म्हणेल, हा पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या चालीरीतींचा झगडा आहे. तसे असते तर गोष्ट सोपी होती. परंतु ज्या मातांनी नॉर्वेला युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात खेचले, त्यांत खुद्द नॉर्वेजियन माताही होत्या. १० सप्टेंबर २०१९ रोजी त्या न्यायालयाच्या महापीठाने अशाच एका नॉर्वेजियन मातेच्या प्रकरणात कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. मूल दुरावले ते दुरावलेच, असे गृहीत धरून चालणे न्यायालयाला मान्य झाले नाही. १० डिसेंबर २०२१ रोजी एका सोमाली मातेच्या प्रकरणातही तोच निष्कर्ष निघाला. तिचे मूल एका ख्रिस्ती कुटुंबाला दत्तक दिले गेले होते. मुलाची आपल्या मुळांशी नाळ तुटू नये, एवढेच त्या मुस्लीम मातेचे मागणे होते. श्रोतेहो, आई कोणत्याही धर्माची असो, हे मागणे आपल्याला परके वाटू नये.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडचे. तेथील संसदेने २०१४ साली एक कायदा केला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे एक नियुक्त व्यक्ती असावी, अशी ती योजना. मूल तान्हे असताना आरोग्य परिचारिका, शाळेत गेल्यावर बहुधा मुख्याध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक. घरात काही बिघडले आहे असा संशय असो वा नसो, प्रत्येक मुलामागे ही नेमणूक होणार होती आणि मुलाची माहिती या खात्यातून त्या खात्यात फिरू शकणार होती. पालकांनी दाद मागितली. २८ जुलै २०१६ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हेतू चांगला असल्याचे मान्य केले; तरीही माहितीच्या देवाणघेवाणीची कलमे एकमताने अवैध ठरवली. हुकूमशाही राजवट आधी मुलांपर्यंत पोहोचते आणि घराघरांतल्या वेगवेगळ्या संस्कारांपासून त्यांना तोडून आपल्या साच्यात घालू पाहते, अशा आशयाचा इशारा त्या निकालपत्रात आहे. २०१९ साली ती योजना गुंडाळण्यात आली.

येथपर्यंत ऐकून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल, की सरकारने घराच्या दाराबाहेरच राहावे हे उत्तम! मलाही एके काळी तसेच वाटे. परंतु आपलाच इतिहास आपल्याला थांबवतो.

१८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षे करण्यापुरता तो कायदा. पण त्याने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. बंगालमधील फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या अत्याचाराने मरण पावली होती, ही त्यामागची भीषण पार्श्वभूमी. लोकमान्य टिळकांनी कायद्याला कडाडून विरोध केला. त्यांना बालविवाह प्रिय होता म्हणून नव्हे. मुलींचे लग्न सोळा वर्षांपूर्वी आणि मुलांचे वीस वर्षांपूर्वी करणार नाही अशी प्रतिज्ञा सुधारकांनी स्वतःच्या घरापासून करावी, असा प्रस्ताव त्यांनीच मांडला होता. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, सुधारणा समाजाच्या आतून यावी, हा त्यांचा मुद्दा. दुसऱ्या बाजूला आगरकर होते, शास्त्राधार शोधणारे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांचे म्हणणे असे, की समाज जागा होईपर्यंत त्या कोवळ्या मुलींनी काय करावे?

आज सव्वाशे वर्षांनंतर मागे वळून पाहताना लोकमान्यांविषयीचा आदर तिळमात्र कमी न करता मी म्हणेन, की त्या मुलींच्या प्रश्नाला केवळ प्रतिज्ञेने उत्तर मिळाले नसते. कायद्याची गरज होतीच. पण लोकमान्यांचे अर्धे सत्यही विसरता येत नाही. कायदा झाला म्हणून बालविवाह थांबले नाहीत. १९२९ चा शारदा कायदा आला, २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला, आणि तरीही लपूनछपून लग्ने लागतच राहिली. मुलगी शाळेत टिकली, घरात तिच्याविषयीची दृष्टी बदलली, तेथेच फरक पडला.

दुसरे उदाहरण शिक्षणाचे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ पासून अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात नेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड! पालकाच्या स्वातंत्र्यावरचा हा घालाच नव्हता काय? होता. पण त्या एका रुपयाच्या धाकाने किती घरांत पहिल्यांदा पाटी-पेन्सिल आली असेल! ब्रिटिश हिंदुस्थानासाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी असेच विधेयक मांडले होते. ते १९१२ साली फेटाळले गेले. परक्या सरकारला आमची मुले शिकवण्याची घाई नव्हती.

त्याच परक्या सरकारला काही मुले आईबापांपासून तोडण्याची मात्र घाई होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली दुरुस्ती झाली आणि चार ते अठरा वर्षांच्या मुलांना पालकांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला. गुन्हा कोणता? त्या जातीत जन्म घेतला, हाच. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड ज्यांच्या पिढ्या गेल्या, ते आमचे विमुक्त बांधव ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्याच्या जोखडातून सुटले. ऑस्ट्रेलियात मूळनिवासी मुले अशीच पळवली गेली. २००८ साली तेथील पंतप्रधानांनी त्या ‘चोरलेल्या पिढ्यां’ची संसदेत क्षमा मागितली. कॅनडात सुमारे दीड लाख मूळनिवासी मुले निवासी शाळांत घातली गेली. त्या शाळा सरकारच्या पैशाने आणि मुख्यतः चर्चच्या व्यवस्थापनाखाली चालत. ‘तुमच्या मुलांचे भले आम्हाला कळते’ हे वाक्य या सर्व ठिकाणी समान होते.

म्हणजे पाहा, सत्ता तीच. शाहू महाराजांच्या हाती ती मुलाच्या हातात पाटी देते आणि परक्याच्या हाती मुलाला आईपासून ओढून नेते. मग मर्यादा कोठे आखावी?

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन कसोट्या आहेत. पहिली, कारण कोणते? मुलाच्या जिवाला, शरीराला, शिक्षणाला खरा धोका असेल तर हस्तक्षेप व्हावा. आईबाप गरीब आहेत, त्यांचे खाणे-पिणे, बोलणे, देवधर्म वेगळे आहेत, हा धोका नव्हे. दुसरी, निर्णय कोणाचा? अधिकाऱ्याच्या एकट्याच्या शेऱ्यावर मूल जाता कामा नये. १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारनामा भारताने १९९२ साली स्वीकारला. मुलाला पालकांपासून दूर करण्याचा निर्णय न्यायालयीन तपासणीच्या अधीन असावा, असे त्यातच म्हटले आहे. स्थानिक रूढीप्रमाणे विस्तारित कुटुंबाचे अधिकार आणि कर्तव्ये मानावीत, हेही त्याच करारनाम्यात आहे. म्हणजे आपली आजी, मावशी, काका त्या दस्तऐवजालाही ठाऊक आहेत! तिसरी कसोटी, शेवट कोणता? मूल घरी परतावे, घर सुधारावे, हे उद्दिष्ट हवे.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदा निदान कागदावर या कसोट्यांना उतरतो. संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे तो सांगतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे आणावे लागते. व्यवहारात समित्यांची पदे रिकामी असतात, माणसे अपुरी असतात, हेही खरे. आपल्याकडचा धोका पश्चिमेच्या उलट आहे. तेथे शासन फार लवकर येते, येथे ते पुष्कळदा येतच नाही.

आणि समाज येतो का? येथे माझी एक खंत सांगितली पाहिजे. पत्रकारितेच्या आरंभीच्या दिवसांत मी एका तालुक्याच्या गावी वाड्यात भाड्याने राहत असे. शेजारच्या खोलीत एक बाप आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पट्ट्याने मारी. साऱ्या वाड्याला ते ऐकू येई. मीही ऐकत असे. ‘ज्याचे त्याचे घर’ म्हणून आम्ही सारे गप्प राहिलो. एके दिवशी तो मुलगा घर सोडून गेला. पुढे तो कोठे गेला, हे मला कधीच कळले नाही. कुटुंबाच्या स्वातंत्र्यावर बोलायला उभा राहतो तेव्हा तो मुलगा माझ्यासमोर येतो. आम्ही शेजाऱ्यांनी दार ठोठावले असते, तर कदाचित कोणत्याही अधिकाऱ्याची गरज पडली नसती. समाज आपले कर्तव्य सोडतो, त्या रिकाम्या जागेतच शासन शिरते.

कुटुंबव्यवस्था हा आपला ठेवा आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. तो अभिमान खरा ठरवायचा तर त्या व्यवस्थेत सर्वांत दुबळा जो, त्या मुलाला ती सुरक्षित वाटली पाहिजे. हे आपण करू शकलो, तरच शासनाला ‘दाराबाहेर थांबा’ म्हणण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहील.

आता त्या शिक्षक दांपत्याला मी काय सांगितले, ते सांगून थांबतो. मी म्हटले, “बाई, खुशाल जा. नातवाला हाताने भरवा, मांडीवर घ्या, अंगाई गा. पण एक लक्षात ठेवा. स्वीडनमध्ये १९७९ पासून, नॉर्वेत १९८७ पासून आणि जर्मनीत २००० पासून मुलाला मारणे कायद्याने निषिद्ध आहे. थट्टेनेही चापट मारू नका. तेथील परिचारिकेशी, शेजाऱ्यांशी मोकळेपणाने बोला. आपल्या चाली त्यांना समजावून सांगा आणि त्यांच्या समजून घ्या. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नका, दुभाषा मागा. आणि दुर्दैवाने प्रसंग आलाच, तर त्याच दिवशी भारतीय दूतावासाला कळवा. परदेशी अज्ञान मुलासाठी पालक नेमण्याची वेळ आली, तर त्याच्या देशाच्या वकिलातीला सूचना द्यावी, असे १९६३ चा व्हिएन्ना करार सांगतो.”

गुरुजी शांतपणे ऐकत होते. जाताना ते म्हणाले, “भाऊ, चाळीस वर्षे शाळेत छडी वापरली. आता नातवापुढे हात बांधून बसायचे म्हणता?” मी काही बोलण्याआधीच बाई म्हणाल्या, “हात बांधायचे कशाला? भरवायला लागतील ना!”

यावर मी अधिक काय बोलू?