पदविकेनंतरची दोन वर्षे



परिचारिकेची बी.एस्सी. पदवी आपल्या देशात १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाली. बारावीनंतर तिला चार वर्षे लागतात. परंतु तीन वर्षांची पदविका घेऊन नोंदणी झालेल्या परिचारिकेस ती दोन वर्षांत मिळते. जांबोटीच्या ज्या मुली बेळगावात नोकरी करतात, त्यांच्यासाठी आम्ही हे बोलत आहोत.

त्यांचे हात सरावलेले असतात, लेखणी मात्र गंजलेली. वॉर्डात इंजेक्शन द्या म्हटले की द्यावयाचे. येथे ते का दिले, हे इंग्रजीत चार पाने लिहावे लागते. म्हणून प्रवेशापूर्वी तीन महिने रोज एक पान इंग्रजी लिहून काढावे. दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्र येते. त्याला भिऊ नये. एका रोग्याची साखर तिन्ही वेळा १०० भरली, दुसऱ्याची ६०, १०० आणि १४०. सरासरी दोघांची एकच. पण ६० वर दुसऱ्याला दरदरून घाम फुटतो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्यासारख्या मास्तरांनी ते फक्त फळ्यावर पाहिले.

खरी अडचण पगाराची. तो बंद होतो, आणि धाकट्या भावाची फी पुढे येते. तेव्हा दोन वर्षांचा खर्च आधीच मांडावा, वसतिगृह धरून. पावसाळ्यात जांबोटीहून रोजची ये-जा जमणार नाही. पालकांना विनंती, तिच्या पगारावर घर चालले असेल, तर आता दोन वर्षे तिच्याकडे काही मागू नये. सुटीत आली तर तिला भाकऱ्या थापायला बसवू नये.