एका प्रलयाची साक्ष

इटलींत गुब्बिओ नांवाचें एक जुनें नगर आहे. त्याच्या लगतच्या घळींत चुनखडीचे थर एकावर एक रचलेले दिसतात, आणि त्यांच्यामध्यें सुमारें एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा पट्टा आहे. पट्ट्याखालील दगडांत सूक्ष्म सागरी जीवांचीं कवचें विपुल आहेत. वरच्या दगडांत त्यांतील बहुतेक जाती नाहींशा झाल्या आहेत. ही माती सांचावयास किती काळ लागला असेल, एवढाच प्रश्न भूगर्भशास्त्रज्ञ वॉल्टर अल्वारेझ यांच्यापुढें होता.

त्यांचे वडील लुई अल्वारेझ हे १९६८ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक-विजेते. इरिडियम हा धातु भूपृष्ठावर अत्यंत दुर्मिळ. अंतराळांतून संथपणें पडत असलेल्या धुळींत मात्र तो अधिक असतो. तेव्हां मातींतील इरिडियम मोजलें म्हणजे काळ कळेल, अशी युक्ति त्यांनीं काढली. फ्रँक असारो व हेलन मिशेल या रसायनज्ञांनीं तें मोजलें, तों प्रमाण नेहमीच्या तीसपट! घड्याळ निकामी ठरलें, पण चोराचा माग लागला. सुमारें १० किलोमीटर व्यासाचा अशनि पृथ्वीवर आदळला असावा, असें या चौघांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९९१ सालीं मेक्सिकोंतील चिक्शुलुब येथील गाडलेलें प्रचंड विवर त्याच आघाताचें असल्याचें ओळखण्यांत आलें. काळ ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा.

या खटल्यांत दुसराहि एक आरोपी आहे, आणि श्रोत्यांना आश्चर्य वाटेल, तो महाराष्ट्राच्या पायांखालींच निजला आहे. ज्या काळ्या पाषाणांत वेरूळचें कैलास लेणें कोरलें, तो त्याच सुमाराच्या लाव्हारसाचा. ते उद्रेक अशनिपातापूर्वीं सुरू झाले व नंतरहि चालले. त्यांतील वायूंनीं हवामान किती बिघडविलें, याविषयीं वाद अद्याप मिटलेला नाहीं. बहुतेक विद्वानांचा कल अशनीकडे आहे.

सूर्यप्रकाश अडला, वनस्पति सुकल्या, आणि सुमारें तीन-चतुर्थांश जीवजाती लयास गेल्या. डायनासोर बोजड व मंदबुद्धि, म्हणून बुडाले, असें म्हणण्याची रीत आहे. ती अन्यायाची होय. तेरा कोटींहून अधिक वर्षें भूमीवर ज्यांचें प्राबल्य होतें, त्यांना नालायक कोण म्हणेल? त्यांची एक शाखा तर पक्ष्यांच्या रूपानें वांचलीच. सस्तन प्राणी तोंवर बहुधा उंदरा-मांजराएवढे. बिळांत दडून किडे व बिया खाणाऱ्यांना अन्नाचा दुष्काळ तितका बाधला नाहीं. मोठ्यांच्या जागा रिकाम्या झाल्या, आणि पुढील दोन कोटी वर्षांच्या आंत या क्षुद्र कुळांतून घोड्यांचे पूर्वज निपजले, वटवाघळें उडूं लागलीं व देवमाशांचे पूर्वज पाण्यांत उतरले.