पूर्ण नाव सांग

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या एका अभ्यासवर्गात केलेलं भाषण, किरकोळ संपादन करून.)



मला दिलेला विषय 'राज्यसंस्था, सीमा आणि जात' असा आहे. माझ्या प्रबंधाचाही साधारण हाच विषय. त्यामुळे त्यावर मी तुम्हाला दीड तास सहज झोपवू शकतो. पण काल रात्री टिपणं काढायला बसलो आणि लक्षात आलं की प्रबंधात जे लिहिलंय ते मी पुस्तकातून कमी आणि वर्दीतल्या माणसांसमोर उभं राहून जास्त शिकलोय. तेव्हा आज तेच सांगतो. थोडं विस्कळीत होईल, सांभाळून घ्या.

एम.ए.ला असताना आम्हाला अल्थुसर शिकवला. तुमच्यातल्या समाजशास्त्रवाल्यांना तो माहीत असेल. रस्त्यात पोलीस मागून 'ए, तू' अशी हाक मारतो, माणूस वळून बघतो, आणि त्या वळण्यातच तो राज्यसंस्थेचा माणूस बनतो, असं त्याचं उदाहरण. सरांनी विचारलं, इथं कुणाला पोलिसाने अशी हाक मारलीय का? वर्ग हसला. मी हात वर केला नाही. मी विचार करत होतो की आमच्या वस्तीत हाक अशी मोघम कधी आलीच नाही. ती नाव घेऊन यायची. आणि नाव सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं: पूर्ण नाव सांग.

माझं गाव जालना जिल्ह्यात. माझं आडनाव ऐकलं की मराठवाड्यात कुणालाही पुढचं काही विचारायची गरज पडत नाही. बाबा मोंढ्यात हमाली करायचे. तालुक्यात चोरी झाली की जीप आधी पारध्यांच्या पालांकडे जायची, मग आमच्या वस्तीकडे. हा क्रम मला पाढ्यांसारखा पाठ होता. पुढे विद्यापीठात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा वाचला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, पोलिसांकडे रोजची हजेरी, गाव सोडायला परवानगी. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. वाचताना मला नवल वाटलं नाही. जीपचा रस्ता कुणी आखला एवढंच कळलं.

पण हे एकतर्फी सांगितलं तर ते खोटं होईल, कारण माझे सख्खे मामा पोलिसात होते. शिपाई म्हणून लागले, हवालदार झाले, एएसआय म्हणून निवृत्त झाले. आमच्या घराण्यातली पहिली सरकारी नोकरी. मामा घरी आले की आई त्यांची टोपी कपाटावर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी ठेवायची. तुमच्याही वस्तीत पहाटे पाचला पोरं सोळाशे मीटर धावत असतील, गोळा फेकत असतील. आपल्याकडे पोलीस भरती ही नुसती नोकरी नसते. जे दार बाहेरून वाजतं, त्याच्या आतल्या बाजूला आपलं कुणीतरी असावं, असा तो सगळा खटाटोप असतो.

मामांना दरवर्षी १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा बंदोबस्त लागायचा. 'तुमचं ऐकतात,' असं वरिष्ठ म्हणायचे. म्हणजे ज्या दिवशी आम्ही सगळे निळा गुलाल लावून नाचायचो, त्या दिवशी मामा काठी घेऊन कडेला उभे. डीजे बंद करायला सांगणारेही तेच. पोरं त्यांना तोंडावर काही बोलायची नाहीत, मागून खूप बोलायची.

३ जानेवारी २०१८ चा बंद तुम्हाला आठवत असेल. भीमा कोरेगावला १ जानेवारीला हल्ला झाला आणि दोन दिवसांनी महाराष्ट्र बंद. त्यानंतर राज्यभर कित्येक वस्त्यांमध्ये पोलिसांनी धरपकड केली. त्या काळात एका रात्री मामांचा आईला फोन आला. ते एवढंच बोलले, 'ताई, पोरांना आज घरी झोपू देऊ नको.' मी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो, बंदच्या दिवशी लायब्ररीत होतो, दगडाला हात लावलेला नव्हता. तरी मी आणि माझे दोन चुलत भाऊ ती रात्र तुरीच्या रानात काढली. थंडी अशी होती की दात वाजायचे. पहाटे वस्तीत जीप आली आणि रिकामी गेली. मामांनी वर्दीशी बेइमानी केली की नाही, हा वाद आमच्या घरात आजही होतो. मामा स्वतः त्यावर बोलत नाहीत.

त्या रात्री मला वाटायचं, मी पदवी घेणार, मला काय होतंय. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ते कायद्याचे विद्यार्थी होते. ती बातमी वाचून मला आधी आठवली ती तुरीच्या रानातली रात्र, आणि त्या रात्री मनात बाळगलेली ती समजूत.

आता पासपोर्टचं सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण पुढं बाहेर शिकायला जाणार आहेत. २०२३ मध्ये प्रबंधाच्या कामासाठी मला बांगलादेशात जायचं होतं. अर्ज केला. त्या अर्जात जातीचा रकाना नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पडताळणीसाठी ठाण्यातून फोन आला, 'दोन झेरॉक्स घेऊन या.' बाबाही बरोबर आले. टेबलावरच्या अंमलदाराने कागद चाळले.

'काय करता?'

'पीएचडी.'

'कशात?'

'समाजशास्त्र. सीमेवर काम करतोय.'

'सीमेवर? मिलिटरीत आहे का?'

नाही म्हणालो. मग त्यांनी माझ्या आडनावावर पेन ठेवला आणि विचारलं, 'कॅटेगरीतून का?' पासपोर्टचा आणि कॅटेगरीचा काय संबंध, हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात शेजारून बाबांनी घडी केलेली पाचशेची नोट फायलीखाली सरकवली. इतक्या सफाईने, की माझ्या आधी ती अंमलदाराला दिसली. काम पाच मिनिटांत झालं.

बाहेर आल्यावर मी बाबांवर खूप चिडलो. हे पैसे द्यायचे नसतात, मला नियम माहीत आहेत, मी तक्रार केली असती, वगैरे. बाबा चपलेतला खडा काढत होते. म्हणाले, 'तू जाशील निघून. मला इथंच राहायचंय.'

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. हक्कांची भाषा आपण विद्यापीठात शिकतो आणि ती गावातल्या ठाण्यात बोलून दाखवतो तेव्हा तिची किंमत बऱ्याचदा घरी राहिलेला माणूस भरतो. म्हणून ती बोलू नये असं मी म्हणत नाही. कोण भरणार आहे ते आधी बघावं, इतकंच.

बाबांचाही पासपोर्ट काढावा असं मध्ये डोक्यात आलं होतं. दहावी नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा पडतो. आखातातल्या वगैरे ठरावीक अठरा देशांत नोकरीला जायचं तर त्याला सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. हेतू मजुरांच्या संरक्षणाचा आहे आणि त्याची गरजही आहे. पण एकाच घरात दोन पासपोर्ट, माझा कोरा आणि बाबांचा शेऱ्याचा, हे काही मला पाहवलं नसतं. बाबा म्हणाले, 'मला कुठं जायचंय?' विषय संपला.

सीमेवर येतो. बाबासाहेबांनी आपले अस्पृश्यतेचे अनुभव लिहिले, त्याला नाव दिलं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यात दौलताबादच्या किल्ल्याचा प्रसंग आहे, १९३४ चा. किल्ल्याबाहेरच्या हौदावर सोबतच्या मंडळींनी हातपाय धुतले म्हणून गोंधळ झाला, आणि शेवटी आत सोडलं ते बरोबर एक शस्त्रधारी शिपाई देऊन, आत कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून. तेव्हा बाबासाहेब गोलमेज परिषदांना जाऊन आले होते. मी हा उतारा बोनगावच्या लोकलमध्ये पुन्हा वाचला. सियालदाहून सुटणारी ही गाडी ठाकूरनगरवरून जाते. ते मतुआंचं ठिकाण. मतुआ म्हणजे मुख्यतः नामशूद्र, पूर्व बंगालमधून फाळणीनंतर टप्प्याटप्प्याने आलेले. यांचेच नेते जोगेंद्रनाथ मंडल, ज्यांच्या मदतीने बाबासाहेब १९४६ मध्ये बंगालमधून संविधान सभेवर गेले. त्यामुळे तिथं मी पाहुणा नाही, देणेकरी आहे, अशी माझी भावना होती.

भारत-बांगलादेश सीमा ४०९६ किलोमीटर लांब. १९७५ च्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे प्रत्यक्ष सीमारेषेपासून दीडशे यार्डांत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही असं ठरलं, म्हणून कुंपण बहुतेक ठिकाणी आतल्या बाजूला आहे. म्हणजे शेतकऱ्याचं घर कुंपणाच्या अलीकडे आणि रान पलीकडे. रान भारतातच, पण तिथं जायला सीमा सुरक्षा दलाचं फाटक. ठरलेल्या वेळी उघडतं. ओळखपत्र जमा करायचं, पलीकडे जायचं, वेळेत परतायचं, ओळखपत्र परत घ्यायचं. ताग उंच वाढतो आणि त्यात माणूस दिसत नाही म्हणून कुंपणाजवळ ताग लावू देत नाहीत, असंही गावकरी सांगायचे. तागाच्या मुलखात.

एका सकाळी मी अशा फाटकावर विद्यापीठाचं पत्र घेऊन उभा होतो. जवानाने पत्र वाचलं, आधार कार्ड मागितलं, आणि एकदम मराठीत म्हणाला, 'कुठले तुम्ही?' तो बुलढाण्याकडचा निघाला. एवढ्या लांब आपली भाषा ऐकून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. कार्डावरचं आडनाव त्याने वाचलंच होतं. सोबतचा जवान पलीकडे गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, 'जय भीम.' मीही म्हणालो, तितक्याच हळू.

तेवढ्यात सत्तरीतले एक दादू विळा घेऊन आले. फाटक बंद होऊन दहाएक मिनिटं झाली होती. दादू हात जोडून काही सांगत होते. नातवाला दवाखान्यात नेलं होतं, एवढं माझ्या तोडक्या बांगलात मला कळलं. जवान त्यांच्याशी हिंदीत बोलला, आणि 'तू' म्हणून बोलला. 'कल आना.' मी मध्ये पडलो. म्हणालो, भाऊ, सोडा ना, माझ्यासाठी तुम्ही आत्ता उघडणारच होता. तो कावराबावरा झाला. म्हणाला, 'तुमचं पत्र आहे. यांच्यासाठी उघडलं तर माझी नोकरी जाईल. घरी दोन लहान पोरं आहेत, दादा.' दादू थोडा वेळ माझ्या खुर्चीकडे बघत उभे राहिले आणि निघून गेले. मी त्या दिवशी फाटकातून पलीकडे गेलो नाही. त्याने दादूंचं काहीही भलं झालं नाही, हेही सांगतो.

ऑक्टोबर २०२१ पासून पश्चिम बंगाल, पंजाब आणि आसाममध्ये या दलाची हद्द पंधरावरून पन्नास किलोमीटर झाली. आणि २०२५ मध्ये तर बंगाली बोलणाऱ्या मजुरांना, आपल्या महाराष्ट्रातही, बांगलादेशी असल्याच्या संशयावरून धरलं गेलं. म्हणजे फाटक आता दादूंच्या मुलाबरोबर पुण्या-मुंबईच्या बांधकामावर येतं. तिथं त्याला कुणीतरी विचारतंच, पूर्ण नाव सांग.

पेट्रापोलवरून मी पलीकडे गेलो तेव्हाचं एक सांगतो. बेनापोलच्या खिडकीत बांगलादेशी अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट उघडला, आडनाव अडखळत वाचलं, कुठं राहणार विचारलं आणि शिक्का मारला. आयुष्यात पहिल्यांदा वर्दीतल्या माणसाने माझं आडनाव वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. दोन दिवस मी त्याच धुंदीत होतो. मग खुलनाकडे एका नामशूद्र कुटुंबात जेवायला बसलो, आणि तिथली वर्दी त्यांचं आडनाव कसं वाचते ते ऐकलं. धुंदी उतरली.

आता कामाचं, घाईत सांगतो. अटक झाली तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेणं आणि पसंतीचा वकील, हे संविधानाच्या बावीसाव्या कलमात आहे. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, नातेवाइकाला खबर, हे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत आधी नोटीस देऊन बोलावता येतं. ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५ व्या कलमात आहे, जुनं ४१-अ. पोलिसाने जाणूनबुजून ॲट्रॉसिटीची तक्रार घेतली नाही तर त्याच कायद्याचं चौथं कलम आहे. हे पाठ करा. पण ठाण्यात उभं राहून कलम आणि इंग्रजी एकदम काढू नका, त्याने चिडलेले मी पाहिलेत. आधी वकिलाला आणि घरी फोन. आणि त्याच रात्री तारीख, वेळ, पट्टीवरचं नाव लिहून ठेवा. मी ठेवतो, बारीक अक्षरात दोन वह्या भरल्यात.

शेवटचं. माझी चुलत बहीण यंदा भरतीत लागली. आठशे मीटर धावली, गोळा फेकला, लेखी काढली. चुलत्यांनी पेढे वाटले, मामांनी आपली जुनी शिट्टी तिला दिली. परवा तिचा फोन आला. मी तिला फाटकाची गोष्ट पूर्वी सांगितली होती. ती म्हणाली, 'दादा, ड्युटीवर असताना कुणी जय भीम म्हणालं तर मोठ्याने म्हणायचं का?' मी म्हणालो, म्हणायचं. मग ती म्हणाली, 'आणि मग त्याला सोडायचं का?'

मी नंतर सांगतो म्हणालो. तिचं ट्रेनिंग पुढच्या महिन्यात सुरू होतंय. चहाच्या वेळी कुणाला काही सुचलं तर मला सांगा.