शाळेच्या पटांगणातील जखम आणि घरगुती उपचार



मधल्या सुट्टीची घंटा होते, मुले पटांगणावर धाव घेतात आणि पाचदहा मिनिटांच्या आत कोणी तरी रडत शिक्षकाच्या टेबलापाशी येऊन उभे राहते. कोणाचे ढोपर मुरुमावर खरचटलेले असते, कोणाच्या अंगठ्याला ठेच लागलेली असते, तर कोणाचे बोट पेन्सिल तासताना पात्याने कापलेले असते. दवाखाना दोन-तीन कोसांवर, आईबाप शेतावर आणि जखम तर समोर. अशा वेळी शिक्षक हाच त्या मुलाचा पहिला वैद्य ठरतो. त्या पहिल्या दहा मिनिटांत तो काय करतो, यावर जखम चार दिवसांत भरून येणार की चिघळणार, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

सुदैवाने या कामास लागणारी उत्तम साधने अत्यंत स्वस्त आहेत. त्यांत पहिले स्थान पाण्याचे आहे. ज्या पाण्याने गावाची तहान भागते, तेच स्वच्छ पाणी जखम धुण्यासही योग्य होय. लहान जखमांच्या बाबतीत पिण्यायोग्य पाणी हे दवाखान्यातील मिठाच्या पाण्यापेक्षा कमी प्रतीचे ठरत नाही, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. पाण्याविषयी शंका असल्यास ते उकळून निववून घ्यावे. मिठाचे पाणीच करावयाचे असेल, तर एक लिटर उकळलेल्या पाण्यास सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा मीठ पुरे.

उपचाराचा क्रम असा असावा. शिक्षकाने प्रथम आपले हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर ठेवून सतत दहा मिनिटे दाबून धरावी. रक्त थांबले की नाही, हे पाहण्यासाठी मधूनमधून फडके उचलण्याचा मोह टाळावा; कारण नुकतीच धरू लागलेली गुठळी त्यायोगे निघून येते. हात किंवा पाय हृदयापेक्षा उंच धरल्यास रक्त लवकर थांबते. दुसऱ्याच्या रक्ताला हात लावताना रबरी हातमोजा, तो नसल्यास प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी हातावर चढवावी.

रक्त थांबल्यावर जखमेवर पाण्याची धार धरावी. मुरुम, माती, काडीकचरा निघून जाईपर्यंत, म्हणजे पाच मिनिटे तरी, ती धार चालू ठेवावी. साबण सभोवतालच्या कातडीला लावावा. जखमेत घासू नये. नंतर उकळून उन्हात वाळविलेल्या सुती फडक्याची पट्टी बांधावी. ती रोज बदलावी आणि भिजली किंवा मळली तर तत्काळ बदलावी.

जखम उघडी ठेवावी, खपली धरू द्यावी, असे मानण्याचा प्रघात फार जुना आहे. परंतु जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा झाकलेली व किंचित ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने कातडी धरते, असे आढळले. तेव्हापासून जखम स्वच्छ करून झाकून ठेवणे, हाच नियम रूढ झाला आहे.

आता घरगुती औषधांकडे वळू. गावात हळद, मध, कोरफड आणि बांधावर उगवणारा दगडी पाला ही नावे सर्वांच्या तोंडी असतात. हळदीचा इतिहास तर मनोरंजक आहे. जखम बरी करण्यासाठी हळदीचा उपयोग करण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली देण्यात आले होते. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्यास हरकत घेतली, जुने ग्रंथ व १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुराव्यादाखल मांडला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. या निकालाने हळदीचा उपयोग जुना आहे, हे सिद्ध झाले; मात्र डब्यातील कोणतीही हळद कोणत्याही जखमेवर चालते, असे सिद्ध झाले नाही. हळदीतील द्रव्य प्रयोगशाळेत जंतूंना रोखते हे खरे. पण बाजारातील पुडीत रंगाची भेसळ असू शकते आणि उघड्या डब्यातील भुकटीत जंतूही असू शकतात.

मधाचा उल्लेख सुश्रुतसंहितेत तुपासह व्रणोपचारात येतो, आणि आधुनिक विज्ञानानेही त्याचा गुण मान्य केला आहे. मधात पाण्याचा अंश थोडा असतो, तो आम्लधर्मी असतो, म्हणून जंतू त्यात वाढत नाहीत. तथापि दवाखान्यात वापरतात तो मध विशेष रीतीने निर्जंतुक केलेला असतो. पोळ्याचा मध तसा नसतो. दगडी पाल्याच्या रसाने जखम भरण्यास मदत होते, असे उंदरांवरील काही प्रयोगांत दिसले. परंतु बांधावरचा पाला हातात चोळून लावला, की पाल्यावरची माती व हातावरचा मळही जखमेत जातो.

यावरून एक साधे सूत्र हाती येते. पाणी पहिले, स्वच्छ फडके दुसरे. पाला, हळद आणि मध यांचा क्रमांक त्यानंतरचा, आणि तोही किरकोळ खरचटण्यापुरता. घरच्या औषधाचा उपयोग झाला असे जेव्हा वाटते, तेव्हा बरेचदा यश धुण्याचे असते आणि श्रेय हळदीला मिळते.

काही गोष्टी मात्र जखमेवर कदापि लावू नयेत. शेण, माती, चुलीतील राख, चुना, तंबाखू, कोळिष्टक व रॉकेल या त्या होत. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात राहतात. लहानशा जखमेतून ते शिरले, तर साधारणतः ३ ते २१ दिवसांत दातखिळी बसते आणि प्राणावर बेतते. भारतात माता व नवजात अर्भकांतील धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले, ते लसीकरण व स्वच्छ बाळंतपण यांच्या बळावर. शासकीय लसीकरणात शाळकरी वयात ५ ते ६ वर्षे, १० वर्षे आणि १६ वर्षे या टप्प्यांवर धनुर्वातप्रतिबंधक लस मिळते. प्रत्येक विद्यार्थ्याची ही नोंद शिक्षकाने जवळ ठेवावी. जखम झाल्यावर ती शोधत बसणे उपयोगाचे नाही.

कोणती जखम शाळेत ठेवायची नाही, हेही ठाऊक असावे. दहा मिनिटे दाबूनही रक्त न थांबणारी, कडा फाकलेली, खोल गेलेली, खिळा किंवा काटा आत रुतलेली, डोळ्याजवळची अथवा सांध्यावरची जखम आरोग्य केंद्रात न्यावी. कुत्रा किंवा मांजर चावल्यास अथवा ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, वर हळद-मिरची काहीही लावू नये, पट्टी आवळू नये आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी मुलास न्यावे. पुढील दिवसांत लाली पसरणे, ठणका, पू, ताप किंवा काखेत-जांघेत अवधाण आल्यास विलंब करू नये.

शेवटी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मुलाच्या जखमेवर आजीने शेण किंवा राख लावलेली पाहून शिक्षकाने तिची हेटाळणी करू नये. तिने ते प्रेमाने केलेले असते, आणि हिणवलेली आजी पुढल्या वेळी जखम लपविते. त्यापेक्षा मुलांसमोर एकदा जखम धुऊन दाखवावी. साबणाची वडी, उकळलेली फडकी, कात्री, चिमटा आणि एक नोंदवही एवढे साहित्य झाकणाच्या डब्यात ठेवून त्याची निगा एका मुलाकडे सोपवावी. हेच मूल संध्याकाळी घरी जाऊन आजीचा हात धरून सांगेल, “आधी पाणी, आजी.” त्या दिवशी शाळेचा पाठ गावाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला, असे समजावे.