लाखोरीची बाजू

(पवनी तालुक्यातील कोंढा येथे भरलेल्या अंगणवाडी सेविका, आशा आणि बचत गटांच्या पोषण मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



निवृत्त पर्यवेक्षिकेला अध्यक्ष केलंत, आभार. शाल-श्रीफळाऐवजी परसबागेतली वांगी दिलीत ते फारच बरं केलंत, पेटीत शाली सहा आहेत. संयोजकांनी मला लेखी विषय कळवला होता, ‘पोषणकार्याचा आढावा’. तो दोन पानांत लिहून आणला आहे. १९७५ साली २ ऑक्टोबरला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. २०१८ साली पोषण अभियान आलं, सप्टेंबर महिना पोषणाचा ठरला. रजिस्टरांच्या जागी मोबाइल आला, आणि रजिस्टरंही राहिलीच. हा झाला आढावा. पानं संयोजकांकडे देते, स्मरणिकेत छापा.

सकाळच्या सत्रात वाद झाले, त्यावर अध्यक्षांनी बोलायचं असतं म्हणून बोलते. अंडं की केळं? एकतीस वर्षांच्या नोकरीत अंडं नको म्हणणारं लेकरू मी पाहिलं नाही, नको म्हणणारे सगळे मोठे पाहिले. ज्या घरी चालतं तिथे द्या. पाकिटं की ताजं शिजवलेलं? सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको. तरी पाकिटं आली. आमच्याकडे एका घरी त्या पाकिटातल्या सुकडीवर म्हैस चांगली पोसली होती. घरमालकीण मला म्हणाली, ‘बाई, दूध वाढलं जी.’ ते दूध गावात विकलं जायचं.

तिसरा वाद रेशनच्या तांदळातल्या ‘प्लास्टिकच्या दाण्यां’चा. धानाच्या जिल्ह्यातल्या बाया आपण, तांदूळ आपल्याला दिसतो. शंभराला एक या प्रमाणात मिसळलेला तो वेगळा दाणा सुपात लगेच डोळ्यांत भरतो, आणि बाया तो वेचून उकिरड्यावर टाकतात. आमच्या गल्लीत मी वेचलेले दाणे वाटीभर मागून घेतले, वेगळ्या गंजात शिजवले आणि सगळ्यांसमोर खाल्ले. भातासारखाच भात झाला. त्या दाण्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ आहे, तो तांदळाच्याच पिठाचा आहे. पण चूक बायांची नव्हती. लोकांच्या ताटात नवं काही घालायचं तर आधी सांगावं, ही रीत कोणी पाळली नाही.

आता मी जे बोलायला आले ते बोलते. विषय लाखोरीच्या डाळीचा. पुस्तकात तिला लाखोळी म्हणतात, आपण लाखोरी म्हणतो.

मी १९८६ साली नोकरीला लागले. प्रशिक्षणात मला चित्रांचा एक तक्ता मिळाला. त्यातल्या एका पानावर दोन्ही हातांत काठ्या धरून, गुडघे आत वळवून चालणारा माणूस होता. खाली लिहिलं होतं की लाखोळी खाल्ल्याने लंगडेपणा येतो. मी ते पान घरोघर दाखवलं. साधारण १९८९ चा हिवाळा असेल. एका शेतमजूर बाईच्या ओसरीत बसून मी तिला म्हटलं, ‘ही डाळ आजपासून बंद करा.’ चुलीवर तीच शिजत होती, कडेला वाळवलेल्या लाखोरीच्या भाजीची टोपली होती. बाईने पदराने हात पुसले आणि विचारलं, ‘मंग खावाचं काय जी?’ मी तूर सांगितली, मूग सांगितले, दूध सांगितलं. तक्त्यावर पुढच्या पानावर सफरचंद होतं, तेही सांगितलं.

दोन महिन्यांनी तिच्या पोराला वजनाच्या काट्याला लटकवलं तर ते कुपोषणाच्या दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत गेलेलं. मधे त्याला गोवर येऊन गेला होता, तेव्हा सगळा दोष माझ्या तक्त्याचा असं मी म्हणणार नाही. पण बाईने माझं ऐकलं होतं. ताटात भात होता आणि मिरचीचं पाणी. डाळ गेली होती, तिच्या जागी काहीही आलं नव्हतं. तुरीचा भाव तिला परवडत नव्हता हे मला ठाऊक होतं. तरी मी रजिस्टरात ‘आहाराबाबत समुपदेशन केले’ असं लिहिलं, सही केली आणि घरी आले. घरी सासूबाईंनी लाखोरीचे वडे तळले होते. मी चार खाल्ले.

हे आज पहिल्यांदा माइकवर सांगते आहे.

या डाळीच्या विक्रीवर तेव्हा बंदी होती, आणि ती बंदी खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. या डाळीत एक विषारी द्रव्य आहे. मध्य प्रदेशात रेवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळायची. महिनोन् महिने पोटात दुसरं काही गेलं नाही, आणि धडधाकट माणसांचे पाय आखडले. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्या भागात जाऊन अभ्यास केला. माझ्या नातवाने मला मोबाइलवर स्पेनच्या गोया या चित्रकाराचं एक चित्र दाखवलं. १८११-१२ च्या माद्रिदच्या दुष्काळातले लोक याच डाळीच्या पिठाची लापशी खात बसले आहेत आणि एक बाई जमिनीवर आडवी पडली आहे. चित्र पाहून मला माझा तक्ता आठवला. पण रेव्याच्या मजुराकडे दुसरं काही नव्हतं, आपल्या ताटात ती भाताबरोबर वाटीभर असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेच दाखवून दिलं होतं की डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की विषाचा बराच भाग निघून जातो. माझी सासू रात्री भिजत घालायची आणि सकाळी पाणी खळ्यात ओतायची. तिला हे कुठल्या संस्थेने शिकवलं नव्हतं. भिजवण्याचं चित्र मात्र माझ्या तक्त्यात कधी आलं नाही. लंगडणारा माणूस छापला, पाणी फेकणारी बाई छापली नाही.

विक्रीवर बंदी आली १९६१ साली, महाराष्ट्रात उठली २००८ साली. सत्तेचाळीस वर्षं. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या डाळीसाठी उपोषणं केली, तेव्हा आमच्या खात्यातले लोक हसायचे. मीही हसले असेन. पेरायला कोणी मनाई करत नव्हतं, म्हणजे पिकवायची आपण, व्यापाऱ्याने घ्यायची पडत्या भावात, आणि शहरात ती बेसनात दळून जायची. भजी खाताना कोणी लंगडेपणाची चौकशी केल्याचं ऐकलं नाही. पुढे २०१६ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने कमी विषाच्या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवला, रतन, प्रतीक आणि महातिवडा. तोवर आपल्याकडच्या पोरी लाखोरीला गरिबाची डाळ म्हणायला शिकल्या होत्या. काही आम्ही शिकवलं, काही त्या आपोआप शिकल्या.

आणि बघा, लाखोरी पेरायची कशी, तर धान कापणीला आलेलं असताना उभ्या पिकात, ओल्या बांधीत बी फेकायचं. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघेपर्यंत खाली बोटभर हिरवं झालेलं असायचं. मग दवावर पीक. शेंडे खुडले की झाड आणखी फुटतं, म्हणून बाया दुसऱ्याच्या बांधीतही ओटीभर भाजी खुडायच्या आणि मालक हाकलत नसे. ज्या बाईकडे गुंठाभर जमीन नाही तिलाही ती भाजी मिळायची. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सकस अन्नाची स्थानिक उपलब्धता’ असा शब्द आहे. मला त्याचा अर्थ ती ओटी असाच लागतो. आता गोसीखुर्द धरणाचं पाणी पोचलं तिथे उन्हाळी धान आलं, हार्वेस्टर आला, मोकाट गुरं तर आहेतच, आणि लाखोरी मागे पडली. पाणी आलं याचं मला दुःख नाही, त्यासाठी आपण फार वाट पाहिली. पण धानाच्या जिल्ह्यात रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं आणि डाळ दुकानातून विकत आणावी लागते, याचं मात्र हसू येतं.

कोणी चुकीचं ऐकू नये. अंगणवाडीच्या खिचडीत लाखोरी घाला असं मी म्हणत नाही. तिथे तूर-मूगच हवेत. लहान लेकरांसाठी कमी विषाचं वाण आणि डॉक्टरांचा शब्द, दोन्ही असल्याशिवाय नको. घरीसुद्धा रोज नको, न भिजवता तर नकोच. व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब मान हलवत आहेत, बरं वाटलं.

करायचं काय? भिजवण्याच्या रीतीचा एक तक्ता नव्याने काढावा असं माझ्या मनात आहे. चिवळ, तरोटा, पातूर या भाज्या आणि शिंगाडा यांचीही पानं त्यात असावीत. चित्रं कोण काढील ते ठरलेलं नाही, पैशांचं मला विचारू नका. दिवाळीनंतर बसू. डाळ रेशनवर यावी म्हणून निवेदन द्यायचं आहे, मसुदा अर्धा झाला आहे. ते निवेदन कोणाच्या नावे द्यायचं हेही बघायचं आहे.

एवढं मात्र आजच करू. यंदा धान कापणीला येईल तेव्हा फेकायला बी लागेल. ज्यांच्या घरच्या कणगीत लाखोरीचं जुनं बी शिल्लक असेल त्यांनी जेवायला जाताना दाराजवळच्या वहीत नाव आणि किती पायल्या आहे ते लिहावं. सकाळपासून सात नावं आली आहेत, त्यातलं एक माझं.