चाकांवरचे बिऱ्हाड : केसलापूरची वाट

बिऱ्हाड बरोबर घेऊन हिंडणाऱ्या मोटारगाड्यांचे परदेशांत मोठे कौतुक होते. आदिलाबादच्या गोंड समाजाला असा प्रवास नवा नाही. पौषातील कडक थंडीत, ओढे आटलेल्या कोरड्या सागवनातून मेश्राम कुळातील कुटुंबे बैलगाड्या जुंपून इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरकडे, नागोबाच्या यात्रेस निघतात. कडबा, धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण सारे गाडीतच असते. मुक्कामी बैल सुटले की गाडीच्या आडोशाला चूल पेटते. अलीकडे ट्रॅक्टर व मोटारीही दिसतात. तरी बैलगाडीचा मान टिकून आहे.

त्याआधी एक छकडा गावोगाव फिरून यात्रेची वर्दी देतो आणि सिरिकोंड्याच्या कुंभारांना पूजेच्या मडक्यांची मागणी सांगतो.

विशेष हे की, दाराशी गाडी असूनही देवाचे पाणी गाडीतून आणीत नाहीत. गोदावरीवरील हस्तिनमडुगू या डोहाचे जल अनवाणी चालत आणले जाते. हा डोह कलमडुगूजवळचा. 2016 च्या विभाजनानंतर तो भाग मंचेरियाल जिल्ह्यात गेला. जल घेऊन आलेली मंडळी केसलापूरच्या वडाखाली उतरतात. पौष अमावास्येच्या रात्री महापूजा होते. स्वयंपाकाच्या चुली बावीसच. कुटुंबे कितीही असोत, आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे. कुळाची कथा गाणारे परधान गोंडीत गातात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरची बोली मात्र मराठी असते.

या तळाचे प्रशासनाशी जडलेले नाते मुद्दाम सांगण्याजोगे आहे. जंगल-जमिनीच्या हक्कासाठी लढणारे कुमराम भीम 1940 मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. ते मारलावाई गावी राहिले. दूरदूरच्या पाड्यांतील माणसे एकेकटी कचेरीपर्यंत पोहोचणे कठीण; यात्रेत मात्र ती आपण होऊन एकत्र येत. म्हणून त्याच दशकात केसलापूरला दरबार भरू लागला आणि अधिकारी गाड्यांच्या तळाशी येऊन गाऱ्हाणी ऐकू लागले. जमिनीच्या पट्ट्यांचे अर्ज आजही तेथे पुढे येतात. एकच अर्ज पुन्हा पुन्हा आणणाऱ्याला मात्र स्वागताच्या कमानीचे फारसे अप्रूप नसते.

दरम्यान नव्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते. बेतालाची पूजा होते, बैल पुन्हा जुंपले जातात आणि मेश्रामांच्या गाड्या उटनूरजवळच्या शामपूरकडे, बुडुमदेवाच्या यात्रेसाठी वळतात.