घरची शाळा आणि बाईचा वेळ

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात ‘मूल, घर आणि शिक्षण’ या सत्रात केलेलं भाषण)



या सत्रात बोलशील का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. गेली दहा-अकरा वर्षं मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांवर काम करते. मुली शाळेतून गळू नयेत हे माझं काम, त्याचंच मला मानधन मिळतं. आणि माझी स्वतःची लेक तीन वर्षं शाळेत गेलेली नाही. ती घरी शिकते. एम.एस.डब्ल्यू. करताना वर्गात कुणी अशी ‘केस’ मांडली असती, तर मी त्या आईला चार शब्द सुनावले असते. पण हेच बोलायला हवं, असं मैत्रिणी म्हणाल्या, म्हणून उभी राहिले आहे.

सुरुवात आम्ही ठरवून केली नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा लेक पहिलीत होती. शाळेनं फोनवर धडे पाठवायला सुरुवात केली, पण घरात तसा फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या दुकानाला लागायचा. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी येतात, तो त्या पुन्हा भरून देतो. त्यामुळे पोरगी अर्धा दिवस दुकानात आणि अर्धा दिवस आजीजवळ, अशी वाढू लागली. मी तेव्हा रेशन वाटपाच्या कामात होते. तिच्याकडे बघायला मला सवड नव्हती, हे कबूल करते.

पुढे लक्षात आलं की ती वाचायला लागली आहे. कुणी शिकवलं? तर तारेच्या रिळांवरची लेबलं, वर्तमानपत्राचे कागद आणि बापाची उधारीची वही. २०२२ साली पुन्हा शाळेत पाठवली. गावातली खासगी इंग्रजी माध्यमाची शाळा होती. मराठीत बोललं की बाकावर उभं करायचे. रोज सकाळी तिचं पोट दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही. दोन डॉक्टर झाले. मग एक दिवस सासूबाई म्हणाल्या, “पोटात काई नाही तिच्या. शाळा हाय पोटात.” त्या जूनमध्ये आम्ही तिला काढलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत घालू म्हटलं, तर ती कुठल्याच शाळेचं नाव घेऊ देईना. वर्षभर बघू, असं ठरलं.

कायद्याचं विचाराल म्हणून सांगून टाकते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. पालकांना शिक्षा मात्र सांगितलेली नाही, आणि घरी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी तरतूदही नाही. परीक्षेचे मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा देता येतात आणि १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीची. आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा दार बंद होत नाही. तसं असतं तर मी हे धाडस केलं नसतं.

आता घरात काय चालतं ते सांगते, कारण त्यात फार आनंद आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. थ्री फेजच्या मोटारीला २४ खाचा असल्या तर एका फेजच्या वाट्याला ८ येतात. हा भागाकार तिला कुणी शिकवला नाही, तिनं तो बोटानं मोजला. ३६ खाचांची मोटार आली तेव्हा १२ हे तिनं बापाच्या आधी सांगितलं. कॉइलचे वेढे मोजताना एक चुकला तर सगळं उलगडावं लागतं. वहीतली बेरीज चुकली की लाल फुली येते, इथे मोटार गरम होते आणि शेतकरी परत येतो. जळालेली तार तोलून विकायची, तिचा हिशेब आता तिच्याकडे आहे.

आणि सासूबाईंच्या ओव्या! त्या एक दिवसही शाळेत गेल्या नाहीत, पण जात्यावरच्या शे-दीडशे ओव्या त्यांना येतात. त्या सांगतात, नात लिहून घेते, मग वाचून दाखवते. सासूबाई चुका काढतात. एकदा सासुरवासाची ओवी लिहिता लिहिता पोरीनं विचारलं, “आजी, तुझी सासू अशी होती का?” आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी सून असूनही पंधरा वर्षांत ऐकलं नव्हतं. ते इथे सांगणार नाही, त्यांचं आहे. पण त्यानंतर त्यांनीही पाटी मागून घेतली. आता सही करतात.

घरात आम्ही बऱ्याच गोष्टी कमी केल्या. टी.व्ही. दिला. शिकवणी नाही, वाढदिवसाचे केक नाहीत. संध्याकाळी चौघं-पाचजण अंगणात बसतो, कुणी गोधडीचे तुकडे जुळवतं, कुणी मोठ्यानं वाचतं. ‘तोत्तोचान’ आमच्याकडे तीनदा वाचून झालं. धाकटा मात्र शाळेत जातो. त्याला शाळा आवडते, जिल्हा परिषदेची शाळा चांगली आहे आणि तिथे त्याचे मित्र आहेत. घरी शिकवणं हा आमचा धर्म नाही.

इथपर्यंत ऐकून छान वाटत असेल. पहिल्या वर्षी मलाही वाटत होतं, आणि मी फार थकलेली होते. ‘साधं राहायचं’ असं घरानं ठरवलं की पापड घरी, मसाला घरी, कपडे घरी शिवायचे, प्लास्टिक नको म्हणून पिशव्या शिवायच्या. हे सगळं कुणाच्या हातांनी होतं? साधेपणावर पुरुषांनी लिहिलेली पुस्तकं मी वाचली आहेत. त्यांत जातं येतं, पण दळणारीचा खांदा दुखल्याचं येत नाही. मी टी.व्ही. दिला, पण मिक्सर आणि गॅस दिले नाहीत, आणि देणार नाही.

शिकवण्याचंही तसंच. मी संस्थेत अर्धवेळ झाले, मानधन निम्मं झालं. नवऱ्याचं दुकान पूर्णवेळ चालू राहिलं. लोक म्हणायचे, “तुमचे मिस्टर किती सपोर्टिव आहेत!” जुलै २०२२ मध्ये मी महिनाभर एक वही ठेवली. मुलीबरोबर मुद्दाम बसलेला, तिच्यासाठी तयारी केलेला वेळ लिहिला. माझे ९४ तास झाले, त्याचे ११. त्यात तिला दुकानात बसवून घेतलेला वेळ मी धरला नव्हता, यावरून आमचं जोरदार भांडण झालं. त्याचं म्हणणं, ते शिकवणंच आहे. माझं म्हणणं, ते तुझं काम चालू असताना होतं. माझं काम बंद पडून होतं. दोघांचंही थोडं खरं होतं. आठवडाभर बोलणं नव्हतं.

शेवटी असं ठरलं की दुकान अकराला उघडायचं. सकाळ त्याची: स्वयंपाकातला अर्धा वाटा, लेकीचं वाचन-लेखन आणि धाकट्याला शाळेत सोडणं. गिऱ्हाईकं कुरकुरली. पाणी देण्याच्या दिवसांत, मोटार जळाली की शेतकऱ्याला एक सकाळ थांबणंही जड जातं, हे मला कळतं. तेव्हा तडजोड करतो. उत्पन्न घटलं. त्याच्या भावकीत अजूनही चेष्टा होते. पण मी पुन्हा पूर्णवेळ कामावर गेले. हे झालं नसतं तर लेकीला त्याच महिन्यात मिळेल त्या शाळेत घातलं असतं आणि आज तुमच्यासमोर उभी नसते.

आता ज्या गोष्टीसाठी बोलायला कबूल झाले ती सांगते.

२०२३ ची दिवाळी जवळ आली होती. मुकादमाची उचल घेऊन झाली होती, ट्रक ठरले होते. एका वस्तीवर मी एका बाईच्या मागे लागले होते. तिची मुलगी अकरा वर्षांची, हुशार, पाचवीत. तिला बरोबर नेऊ नकोस, गावात हंगामी वसतिगृहाची सोय होते, असं सांगत होते. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “ताई, तुमची लेक बी घरीच हाय म्हणं. मंग माह्या लेकीला शाळंत ठिवा म्हून कामून मागं लागलात?”

मला उत्तर देता आलं नाही. काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हतं.

तिची अडचण खरी होती. हंगामी वसतिगृहात मुलांच्या जेवणाची सोय होते, पण रात्री झोपायला नातेवाइकांचं घर लागतं. तिच्या घरात आजी राहिली नव्हती. अकरा वर्षांची मुलगी रात्री कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय कारखान्याच्या तळावर, कोपीत, सहा महिन्यांच्या तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी हवंच. पहाटे चारला नवरा-बायको दोघंही फडात. कोयता म्हणजे जोडपं. एकटीनं घरी बसलं तर अर्धा कोयता, मग उचल फिटणार कशी?

त्या रात्री मी फार विचार केला. आपल्याकडे बाई आधी घरीच शिकली. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकवलं, रमाबाई रानड्यांना माधवरावांनी, आनंदीबाईंना गोपाळरावांनी. घरातल्या बायकांचा रोष सोसत रमाबाई कशा शिकल्या, ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. घरी शिकणं ही तेव्हा निवड नव्हती, बाहेर दार नव्हतं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली ती यासाठी की मुलीचं शिकणं नवऱ्याच्या मर्जीवर राहू नये. माझ्या सासूबाईंच्या पिढीपर्यंतही ते दार सगळ्यांसाठी उघडलेलं नव्हतं. आणि मी लेकीला त्या दारातून परत घरात आणलं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मात्र वेगळी. १८५८ साली जंगलातल्या आश्रमात जन्मलेल्या या मुलीला संस्कृत शिकवलं ते आईनं, लक्ष्मीबाईंनी. त्यांना आधी अनंतशास्त्र्यांनी शिकवलं होतं, लोकांचा विरोध पत्करून. आश्रमात विद्यार्थी, यात्रेकरू, पाहुणे. त्या सगळ्यांचं लक्ष्मीबाईच करत, आणि मुलीलाही पुढे त्यांनीच शिकवलं. रमाबाईंनी १८८७ चं आपलं इंग्रजी पुस्तक आईच्या स्मृतीला अर्पण केलं. ही घरची शाळा थोर होती. पण तिथेही राबणारी बाई एकच.

तर त्या बाईला मी काय सांगायला हवं होतं? माझी लेक घरी असते तेव्हा तिच्याजवळ कुणीतरी बसलेलं असतं. तिची लेक घरी राहते ती दुसऱ्या कुणाला कामावर जाता यावं म्हणून. माझी मुलगी उद्या शाळेत जाते म्हणाली तर जाईल. तिच्या मुलीला ‘नको’ किंवा ‘हवं’ म्हणायची सोयच नाही. फरक हा आहे. पण ज्या बाईच्या डोक्यावर उचल आहे तिला हा फरक ऐकवून काय उपयोग? तिला पाळणाघर हवं होतं आणि मुलीला सुरक्षित ठिकाण हवं होतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

ती मुलगी त्या वर्षी ट्रकमध्ये बसून गेली. मी पाहत होते. तान्हं तिच्याच कडेवर होतं.

एप्रिलमध्ये ते परतल्यावर मी पुन्हा गेले. या वेळी लेकीला बरोबर नेलं. दोघी पोरी बाजेवर बसून ओव्यांची वही वाचत होत्या. त्या मुलीलाही आईकडून ऐकलेल्या चार ओव्या येत होत्या, त्या वहीत गेल्या. बाई माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमची लेक बोलती लई.” मग आम्ही कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाचं बोललो. निवासी शाळा आहे, सहावीपासून, मुलीच राहतात. बापाला पटवायला दीड महिना गेला. शाळेचा दाखला आणि आधार कार्डावरच्या नावात एका अक्षराचा फरक होता, त्यानं आणखी पंधरा दिवस खाल्ले. जून २०२४ ला ती सहावीत गेली. तान्ह्याचं मात्र काही झालं नाही. पुढच्या हंगामात ते ऊस भरलेल्या बैलगाडीच्या सावलीत झोपत होतं. तळावरच्या पाळणाघरासाठी आम्ही कारखान्याला अर्ज देऊन ठेवला आहे. आज सह्यांचा कागद मी बरोबर आणला आहे, जाताना सह्या करून जा.

आणखी एक. गेल्या महिन्यात माझी लेक म्हणाली, जूनपासून मला शाळेत जायचंय. का, विचारलं. म्हणाली, तिथे पोरी आहेत. घरात तीन वर्षं आम्ही तिला सगळं दिलं असं वाटत होतं; पोरी आम्ही कुठून देणार? थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नवऱ्याला जास्त वाटलं. आता सकाळी त्यानं काय करायचं, असा त्याचा प्रश्न आहे. दुकान अकरालाच उघडायचं, हे मी आधीच सांगून ठेवलं आहे.

बाकी तुम्ही विचारा. लेक मागे सतरंजीवर बसली आहे. माझ्यापेक्षा तिला विचारलंत तर उत्तरं कदाचित जास्त खरी मिळतील.